तुडतुड्यांचे घराणे

आंब्याला मोहोर आला, की त्याच्या झुपक्यांवर करड्या-हिरवट रंगाचे बारीक कीटक दिसू लागतात. त्यांचा आकार पाचरीसारखा असतो. डोके रुंद आणि शेपटीकडचा भाग निमुळता. फांदीला नुसता धक्का लागला, तरी ते टुणकन उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतात. हे तुडतुडे होत. आपल्या सोंडेसारख्या मुखाने ते मोहोरातील रस शोषतात; त्यामुळे मोहोर सुकतो व गळतो. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोडसर चिकट पदार्थ पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. कपाशीच्या पानांच्या मागच्या बाजूलाही फिकट हिरव्या रंगाचे तुडतुडे असतात. त्यांनी रस शोषला, म्हणजे पाने कडेने मुडपतात, पिवळी पडतात आणि पुढे तांबूस होतात. शेतकऱ्याला तुडतुडा हा असा चांगलाच परिचित आहे.

तुरीच्या किंवा बाभळीच्या कोवळ्या फांद्यांवर याहून निराळे दिसणारे काही कीटक आढळतात. त्यांचा रंग खोडासारखा तपकिरी असतो. खांद्यांच्या ठिकाणी बैलाच्या शिंगांसारखी दोन टोके वर आलेली असतात आणि एक लांब काटा पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला असतो. ते निश्चल बसले, की फांदीवरचे काटेच वाटतात. त्यांच्या आसपास मुंग्यांची ये-जा चाललेली असते. कारण त्यांच्या अंगातून निघणारा गोड रस मुंग्यांना फार आवडतो. इंग्रजीत या कीटकांना गाईच्या नावावरून नाव पडले आहे. मराठीत त्यांना सर्वत्र रूढ असे नाव नाही. म्हणून या पाठात त्यांना ‘शिंगकिडे’ असे म्हटले आहे.

तुडतुडा सडपातळ व गुळगुळीत, तर शिंगकिडा काटेरी व बोजड. या दोघांना शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच घराण्यातले आहेत असे कोणासही वाटणार नाही. मग त्यांचे परस्परांशी नाते काय? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात अडीचशे वर्षांहून अधिक काळ गेला. आणि जे उत्तर मिळाले, त्यामुळे जुन्या ग्रंथांतील वर्गीकरणाचा पुन्हा विचार करणे शास्त्रज्ञांना भाग पडले.

सजीवांचे पद्धतशीर वर्गीकरण करण्याचा पाया स्वीडनमधील शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी घातला. त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. तीत त्यांनी सोंडेने रस शोषणाऱ्या पुष्कळ कीटकांना ‘सिकाडा’ या एकाच नावाखाली आणले. उन्हाळ्यात झाडावर बसून कर्कश स्वर काढणारे मोठे सिकाडे, फेसात लपून राहणारे किडे, तुडतुडे आणि शिंगकिडे हे सर्व त्या एका नावात सामावले होते. मात्र ज्यांच्या मानेमागचा भाग पानासारखा पसरलेला आहे, त्यांची त्यांनी एक निराळी तुकडी केली होती. पुढे लिनियस यांचे शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस यांनी १७७५ साली अशा कीटकांसाठी ‘मेम्ब्रॅसिस’ हे स्वतंत्र नाव योजले. एकोणिसाव्या शतकात अभ्यास वाढत गेला, तशी या कीटकांची वेगवेगळी कुले ठरविण्यात आली. तुडतुड्यांचे कुल वेगळे झाले आणि शिंगकिड्यांचे कुल वेगळे झाले. आज पहिल्याला सिकॅडेलिडी आणि दुसऱ्याला मेम्ब्रॅसिडी असे म्हणतात. भारतातील या कीटकांची वर्णने विल्यम डिस्टंट या इंग्रज अभ्यासकाने १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र केली. त्यातही ही दोन कुले निरनिराळीच मांडलेली आहेत.

ही विभागणी सोयीची होती. शिंगे असली, की शिंगकिडा. शिंगे नसली आणि मागच्या पायांच्या नळीवर काट्यांच्या ठळक रांगा असल्या, की तुडतुडा. लहान मुलालाही हा फरक ओळखता येईल. परंतु वस्तू ओळखण्याची खूण वेगळी आणि वस्तूंचे नाते वेगळे. दुकानदार डाळी एका फळीवर आणि मसाले दुसऱ्या फळीवर ठेवतो; त्यात त्याची सोय असते. हरभऱ्याचे आणि मेथीचे दाणे तो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवील. तथापि या दोन्ही वनस्पती शेंगा धरणाऱ्या एकाच कुलातल्या आहेत, ही गोष्ट फळीवरून कळत नाही.

१८५९ साली चार्ल्स डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. त्या ग्रंथात एकच आकृती होती, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षाची होती. सजीवांच्या जाती एकमेकींपासून निपजत आलेल्या आहेत. म्हणून खरे वर्गीकरण म्हणजे सजीवांची वंशावळच होय, असा विचार त्यातून पुढे आला. आता प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘कोण कोणासारखा दिसतो?’ एवढे विचारून भागेना. ‘कोणाचा पूर्वज कोणाच्या पूर्वजापासून केव्हा वेगळा झाला?’ हे विचारावे लागले.

पण लाखो वर्षांपूर्वीच्या कीटकांची वंशावळ लिहून कोणी ठेवली आहे? ती शोधावी कशी, याचा एक स्पष्ट नियम जर्मनीतील विली हेनिग यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात मांडला. हेनिग हे माश्यांचे अभ्यासक होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोन प्राण्यांत एखादे साम्य आढळले, म्हणजे ते जवळचे नातेवाईक ठरतात असे नाही. ते साम्य जुने आहे की नवे, हे आधी पाहिले पाहिजे. मुंगीला सहा पाय आहेत आणि तुडतुड्यालाही सहा पाय आहेत. परंतु सहा पाय सर्वच कीटकांना असतात. ते फार जुन्या पूर्वजाकडून आलेले आहेत. त्यावरून मुंगी तुडतुड्याची बहीण ठरत नाही. याच्या उलट, एखादा नवा विशेष काही थोड्याच जातींत दिसला, तर त्या जाती एकाच पूर्वजापासून आल्या असाव्यात, असे अनुमान करता येते.

याच नियमातून दुसरी एक सूचना निघते. एखादी गोष्ट नसणे, हा नात्याचा भक्कम पुरावा नव्हे. गावात ज्यांच्याकडे बैलगाडी नाही अशा सर्व माणसांची यादी केली, तर त्या यादीतील माणसे एका घराण्यातली ठरणार नाहीत. त्याचप्रमाणे ‘ज्यांना शिंगे नाहीत ते सगळे एका बाजूला’ असे म्हटल्याने त्या सर्वांचे एक कुल सिद्ध होत नाही. या विचाराने पाहू लागल्यावर काही अभ्यासकांना शंका येऊ लागली, की शिंगकिडे हे तुडतुड्यांचे शेजारी नसून त्यांच्यातूनच निघालेले असावेत. मात्र केवळ पाय, पंख आणि डोके तपासून या शंकेचे निरसन होईना.

शेवटी पुरावा मिळाला तो कीटकांच्या पेशींत. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नावाचा धाग्यासारखा पदार्थ असतो. चार प्रकारच्या घटकांची लांबच लांब मालिका असे त्याचे स्वरूप असते. जणू चारच अक्षरांत लिहिलेली एक मोठी पोथीच. ही पोथी आईबापांकडून पिलांकडे उतरत जाते. छापखाने नव्हते त्या काळी पोथ्या हातांनी उतरून घेत. उतरताना एखादे अक्षर चुके. आणि पुढे त्या प्रतीवरून जो जो नक्कल करी, त्याच्या त्याच्या प्रतीत ती चूक जशीच्या तशी येई. दोन प्रतींत एकाच ठिकाणी एकच चूक सापडली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असल्या पाहिजेत, असे विद्वान ठरवीत. एका चुकीवर भरवसा ठेवता येत नाही. पण अशी शेकडो स्थळे जुळली, म्हणजे संशय उरत नाही. डीएनएची अक्षरे ताडून पाहणारे शास्त्रज्ञ हेच काम करतात.

अमेरिकेतील क्रिस्टोफर डीट्रिच आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली तुडतुडे व शिंगकिडे यांच्या डीएनएचा एक लहान भाग घेऊन तो ताडून पाहिला. तेव्हा शिंगकिड्यांची शाखा तुडतुड्यांच्या वृक्षातच एके ठिकाणी फुटलेली आढळली. पुढे २०१७ साली डीट्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. या वेळी १३८ कीटक निवडण्यात आले आणि डीएनएचे ३८८ भाग, म्हणजे ९९,००० हून अधिक अक्षरे, एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला. शिंगकिड्यांचे पूर्वज तुडतुडेच होते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजण्यासाठी एका मोठ्या घराण्याची कल्पना करावी. त्या घराण्याच्या दहा शाखा आहेत. त्यांपैकी एक शाखा फार पूर्वी दूरच्या गावी जाऊन राहिली. त्या गावावरून तिला नवे आडनाव पडले. तिचा पोशाख बदलला आणि बोलण्याची ढबही बदलली. उरलेल्या नऊ शाखा जुनेच आडनाव लावीत राहिल्या. आता कोणी या घराण्याची वंशावळ तयार करू लागला आणि आडनाव वेगळे म्हणून त्या दहाव्या शाखेला त्याने वगळले, तर ती वंशावळ अपुरी राहील. इतकेच नव्हे, तर नऊ शाखांपैकी एखादी शाखा त्या दूर गेलेल्या शाखेला सख्ख्या भावासारखी जवळची असेल आणि आपलेच आडनाव लावणाऱ्या इतर शाखांना ती चुलत-चुलत भावासारखी लांबची असेल. तुडतुड्यांचे नेमके असेच आहे. काही तुडतुडे इतर तुडतुड्यांपेक्षा शिंगकिड्यांना अधिक जवळचे आहेत. आजवर तुडतुड्यांच्या २०,००० हून अधिक आणि शिंगकिड्यांच्या ३,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. एवढ्या मोठ्या घराण्यातील ही एक शाखा केवळ पोशाखाच्या वेगळेपणामुळे परकी मानली गेली होती.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. तुडतुड्यांच्या मागच्या पायांवर काट्यांच्या ठळक रांगा असतात. शिंगकिडे जर त्यांचेच वंशज, तर त्यांच्या पायांवर तशा रांगा का दिसत नाहीत? याचे उत्तर असे, की पूर्वजांकडून आलेली वस्तू वंशजांत क्षीण होऊ शकते किंवा नाहीशीही होऊ शकते. सापांचे पूर्वज चार पायांचे होते. सापांना पाय नाहीत. म्हणून साप पालीसरड्यांच्या नात्याबाहेर जात नाहीत.

या घराण्यात अधल्यामधल्या पायऱ्याही आढळतात. एटॅलिऑनिडी नावाचे एक लहान कुल मुख्यतः दक्षिण अमेरिकेत आहे. त्यातील एक जात हिमालयाच्या परिसरात सापडते. हे कीटक शिंगकिड्यांचे निकटचे आप्त होत. पण त्यांच्या पाठीवर मागे पसरत गेलेले ते मोठे कवच नसते. मेलिझोडेरिडी नावाचे दुसरे लहानसे कुल चिली व अर्जेंटिना या देशांत आढळते. तेही याच शाखेतले आहे. अशी कुले लहान असली, तरी वंशावळ जुळविताना त्यांचे मोल फार असते.

आता शिंगांचा विचार करावयाचा. ही शिंगे बैलाच्या शिंगांप्रमाणे डोक्यावर उगवलेली नसतात. कीटकाच्या छातीचे तीन भाग असतात. त्यांतील पहिल्या भागाची पाठ वाढून वर आणि मागे पसरते व तिचेच शिंगासारखे कवच बनते. पिलांना असे पूर्ण कवच नसते. शेवटची कात टाकून कीटक प्रौढ होतो, तेव्हा ते पूर्ण आकाराला येते. दक्षिण व मध्य अमेरिकेत या कवचाचे जे प्रकार आढळतात, ते पाहून मन थक्क होते. कोणाचे कवच गुलाबाच्या काट्यासारखे असते, कोणाचे वाळक्या पानासारखे. एका जातीच्या कवचावर उंच दांड्याच्या टोकाशी केसाळ गोळे असतात. दुसऱ्या एका जातीच्या पाठीवर जणू एक मुंगीच उलट्या तोंडाने बसलेली दिसते. तिला पाहून शत्रू बिचकत असावेत.

हे कवच आले कोठून, यावर मोठा वाद झाला. कीटकांना पंख असतात ते छातीच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांवर; पहिल्या भागावर नसतात. २०११ साली काही शास्त्रज्ञांनी असे मत मांडले, की शिंगकिड्यांचे कवच म्हणजे पहिल्या भागावर उगवलेली पंखांची एक नवी जोडीच होय. या मताने सर्वत्र कुतूहल निर्माण झाले. परंतु पुढच्याच वर्षी, २०१२ साली, इतर अभ्यासकांनी शरीररचना बारकाईने तपासून दाखविले, की कवच हे पाठीच्याच वाढीने बनलेले आहे. तो पंख नव्हे. २०२० साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पंख घडविणारी जी जनुके असतात, त्यांतील पुष्कळशी शिंगकिड्यांत हे कवच घडविण्याच्या कामीही येतात. सुताराने खुर्चीची हत्यारे वापरून पाळणा करावा, तसे हे आहे. पाळणा म्हणजे खुर्ची नव्हे. पण हत्यारे तीच. शास्त्रात एखादे मत चुकीचे ठरले, म्हणजे ते श्रम वाया गेले असे होत नाही; त्या मतामुळेच पुढचा शोध घडतो.

रूप बदलले, तरी घराण्याचे संस्कार या दोन्ही कीटकांत कायम आहेत. दोघेही वनस्पतींचा रस शोषून जगतात. दोघेही उड्या मारण्यात पटाईत. याशिवाय दोघांची ‘बोली’ही एका पद्धतीची आहे. स्वीडनमधील ऑसियानिल्सन या अभ्यासकांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, की मोठ्या सिकाड्यांप्रमाणेच या लहान कीटकांनाही नाद उत्पन्न करण्याचे अवयव असतात. हा नाद माणसाच्या कानांना सहसा ऐकू येत नाही. तो हवेतून नव्हे, तर देठातून व फांदीतून कंपनांच्या रूपाने जातो आणि दुसरा कीटक तो आपल्या पायांनी ओळखतो. अमेरिकेतील एका शिंगकिड्याची मादी अंडी फुटल्यावरही पिलांजवळ राहते. शत्रू जवळ आला, की पिले एकदम फांदी थरथरवितात. ती थरथर जाणवताच आई धावून येते, पंख फडफडविते व पायांनी शत्रूला दूर लोटते.

एवढा खटाटोप करून नाती शोधण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भाताच्या खाचरात मिळते. भातावर हिरवे तुडतुडे येतात आणि तपकिरी तुडतुडेही येतात. दोघांनाही एकच नाव आहे. म्हणून ते सख्खे भाऊ असतील असे वाटते. वास्तविक हिरवा तुडतुडा हा आंब्यावरील तुडतुड्यांच्या आणि बाभळीवरील शिंगकिड्यांच्या घराण्यातला आहे. तपकिरी तुडतुडा मात्र निराळ्या, दूरच्या शाखेतला आहे. त्याच्या मिशा डोळ्यांच्या खाली असतात. हिरव्या तुडतुड्याच्या मिशा दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, पुढच्या बाजूला असतात. हिरवा तुडतुडा भाताच्या टुंग्रो रोगाचे विषाणू एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडे नेतो. तपकिरी तुडतुडा रोपांच्या बुडख्याशी गर्दी करतो आणि भाताचे चट्टेच्या चट्टे करपून टाकतो. भाताच्या एखाद्या वाणाने एकापुढे टिकाव धरला, म्हणून तो दुसऱ्यापुढेही टिकेल, असा भरवसा देता येत नाही. ज्यांना नाव एक, ते परके निघाले. आणि ज्यांना नावे दोन, ते एका घरचे निघाले.

सिकॅडेलिडी आणि मेम्ब्रॅसिडी ही नावे ग्रंथांत अजूनही चालतात. कारण रूढ नावे एकदम मोडल्याने कामात गोंधळ होतो. पण त्या नावांकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टी बदलली आहे. नाव हे माणसाने दिलेले असते, ते बदलता येते. नाते हे घडून गेलेले असते, ते फक्त शोधून काढावे लागते. बाभळीच्या फांदीवर काट्याचे सोंग घेऊन बसलेला तो शिंगकिडा दृष्टीस पडला, तर तो तुडतुड्यांच्याच घरचा आहे, हे आता ओळखता येईल.